जकात जाणार म्हणे

नागपुरात हिवाळ्यात दोन गोष्टींचा हंगाम असतो, संत्र्यांचा आणि अफवांचा. संत्री काटोलकडून ट्रकांत येतात, अफवा अधिवेशनाबरोबर येतात. मुंबईचं सरकार पेट्या आणि फायली घेऊन डिसेंबरात आमच्या गावी उतरलं की रस्त्यांवर पांढऱ्या गाड्या फिरू लागतात, मोर्चे निघतात, आणि पानठेल्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला कुठल्या ना कुठल्या मंत्र्याच्या ड्रायव्हरनं काहीतरी खाजगीत सांगितलेलं असतं. सत्तरचं दशक सरत आलं होतं त्या सुमाराची गोष्ट. त्या वर्षीची अफवा अशी होती की जकात जाणार.

बाकीचे लोक ती ऐकत, पान थुंकत आणि पुढच्या अफवेकडे वळत. आमच्या घरात मात्र तिनं मुक्काम ठोकला. कारण आमचे हे, म्हणजे माझे यजमान, अमरावती रस्त्यावर वाडीच्या अलीकडच्या जकात नाक्यावर मोहरीर होते. बाहेरून येणारा माल शहरात शिरायच्या आधी वेशीवरच त्याच्यावर महापालिकेचा कर घ्यायचा, ती जकात. ट्रक थांबवायचा, बिल्टी, म्हणजे ट्रकवाल्याकडची मालाची पावती, तपासायची, माल बघायचा आणि पावती फाडायची, हे मोहरीरचं काम. जकात गेली तर नाका जाणार, नाका गेला तर नोकरी, आणि नोकरीबरोबर शहरातलं राहतं क्वार्टर. एवढा हिशेब घरात सगळ्यांना तोंडपाठ होता.

यांच्या स्वभावाला नाक्यानं दोन वळणं दिली होती. एक म्हणजे, ताडपत्री उघडून पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही. ड्रायव्हर 'संत्री आहेत' म्हणाला की हे विचारणार, "वरती संत्रे, अन् खाली?" घरीही तीच तऱ्हा. मी भाजी आणली की पिशवी पालथी करून बघणार. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला याचा संताप यायचा, पुढं मी पिशवी आधीच यांच्या पुढ्यात पालथी करू लागले.

दुसरं वळण अगदी उलट होतं. छापील कागदापुढं या माणसाची मान आपोआप खाली जायची. नाक्यावर जकातीचं दरपत्रक छापून यायचं. आदल्या दिवशी तेलाच्या डब्याला एक दर, नवं दरपत्रक आलं की दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून दुसरा. कोणी विचारायचं नाही, कोणी वाद घालायचा नाही. छापून आलं की लागू, हा नाक्याचा वेद होता. तोंडी सांगितलेलं सगळं खोटं आणि छापलेलं सगळं खरं, अशा दोन कप्प्यांत यांचं जग वाटलेलं होतं आणि त्यात ते सुखी होते.

मी एका प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि लोकप्रशासन विषय घेऊन एम.ए.ला प्रायव्हेट बसले होते. शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसायचे. प्रायव्हेट विद्यार्थ्यांना पुस्तक घरी न्यायची मुभा नव्हती. हॉलमध्ये बसायचं, चिठ्ठीवर हवं ते लिहून काउंटरवर द्यायचं, मग शिपाई आत जाऊन आणून देणार. उंच खिडक्या, लांब टेबलं, आणि एक प्रकारची शांतता, जी मला माहेरी मिळाली नव्हती, सासरी मिळाली नव्हती आणि शाळेत तर मिळायचा प्रश्नच नव्हता. नुसतं त्या शांततेसाठीसुद्धा मी एम.ए. केलं असतं. हे चिडवायचे, "काय शिकून राहिली वं तू? लोक का प्रशासन? दोन्ही तं नाक्यावर रोज भेटते मले, फुकटात."

स्थानिक स्वराज्य संस्था हा एक पेपर होता आणि त्यात मी जकातीचा मुद्दा नीट करायचं ठरवलं. घरातच तज्ज्ञ आहे, मग वेगळं काय वाचायचं, असा माझा आळशी विचार. ग्रंथालयात शासकीय प्रकाशनांचा एक कोपरा होता, तिथून एका समितीचा इंग्रजी अहवाल मागवला, त्यातला महत्त्वाचा भाग मराठीत उतरवून घेतला आणि घरी आले. चहा ठेवायला आत गेले, तेवढ्यात यांनी टेबलावरचे माझे कागद वाचायला घेतले. यांच्यापुढं उघडा कागद पडला की तपासणी ठरलेली.

मी चहा घेऊन आले तर हे भिंतीकडे बघत बसलेले.

"हे काय लिवून ठेवलं वं? जकात रद्द करा म्हणून?"

"परीक्षेच्या नोट्स आहेत."

"तुह्या मनानं लिवलं का?"

"माझ्या मनानं कशाला लिहू? सरकारी समितीचा अहवाल आहे. छापील."

तो शेवटचा शब्द माझ्या तोंडून निघाला आणि यांच्या हातातला कप बशीवर वाजला.

"छापून आलं हाये?"

"अहो, शिफारस आहे ती. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे."

"शिफारस काय अन् हुकूम काय. सरकारनं बसवलेले मोठे लोक, सरकारी छापखाना, अन् तू म्हणते हुकूम नाही? बाप्पा! लोक म्हणून राहिले होते तवा मी हसलो. आता छापूनच आलं तं राहिलं काय?"

मी खूप समजावलं. तोंडी समजावलं, म्हणजे यांच्या लेखी खोट्या कप्प्यातलं. दुसऱ्या दिवशी यांनी नाक्यावर जाऊन सगळ्यांना सांगितलं की जकात गेली, माझ्या घरवालीनं स्वतः सरकारी पुस्तकात वाचलं. तोपर्यंत त्या अफवेला आई ना बाप. आता तिला एक साक्षीदार मिळाली, ती मी! संध्याकाळी दोन मोहरीर आमच्या घरी येऊन, चपला बाहेर काढून, पाहुण्यासारखे खाली मान घालून बसले आणि मला विचारू लागले, "वैनी, किती दिवस हायेत अजून?" डॉक्टरला विचारावं तसं.

खरा घाव पुढंच होता. वाडीला एका ट्रान्सपोर्टवाल्याचं मोठं गोदाम होतं. बिल्टी जाणणारा, मालाची पारख असलेला माणूस त्याला हवा होता आणि तो यांना कधीपासून बोलावत होता. हे दर वेळी हसून टाळत. आता मात्र त्याच्याकडे जाऊन आले. त्यानं सोमवारपर्यंत काय ते सांगा म्हटलं. यांनी घरी येऊन राजीनामा लिहिला, घडी केली आणि खाकी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला.

"नाका बंद झाल्यावर सगळेच धावतील त्याच्याकडं. आपण आधी जाऊ. गोदामाच्या मागं खोली देतो म्हणते शेठ."

"आणि माझी शाळा? इतक्या लांबून रोज सकाळी?"

"पाहू."

"आणि परीक्षा?"

"परीक्षा काय पळून चालली काय? पुढच्या साली देजो."

'पुढच्या साली' या शब्दांना मी चांगली ओळखत होते. माझ्या आईचं सातवीनंतरचं शिक्षण पुढच्या साली होणार होतं. थोरल्या बहिणीचं मॅट्रिक पुढच्या साली होणार होतं. आमच्या घरातल्या बायका पुढच्या सालाची वाट बघत म्हाताऱ्या झाल्या. मला रडू आलं नाही, राग आला. यांच्यावर आलाच, पण त्याहून जास्त त्या अहवाल लिहिणाऱ्यांवर आला. कोण कुठले ते शहाणे, आणि त्यांच्या एका वाक्यानं माझ्या संसाराची पथारी वाडीच्या गोदामामागं नेऊन टाकली.

आणि मनातून मी घाबरलेही होते. यांना मी ठासून सांगत होते खरी, पण वाचला होता एकच अहवाल. खरंच जकात जाणार असेल तर? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका, असं मी म्हणायचं आणि हातचंच निसटून जायचं. मला नक्की माहीत नव्हतं, हे मला छळत होतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी जेवायलाही घरी गेले नाही, थेट ग्रंथालय गाठलं. चिठ्ठीवर लिहिलं, 'जकात या विषयावर जे असेल ते सर्व.' शिपायानं चिठ्ठी दोनदा वाचली.

"सगळं? बाई, हातगाडी आणू काय?"

"आणा," मी म्हटलं. माझी मनःस्थिती विनोदाची नव्हती.

त्यानं आतून दोन्ही हातांवर पेलून गठ्ठा आणला आणि टेबलावर ठेवला. इतकी धूळ उडाली की समोर बसलेली मुलगी शिंकत उठून दुसऱ्या टेबलावर गेली. इंग्रजांच्या काळातले अहवाल होते, नागपूर राजधानी होती त्या वेळच्या विधानसभेतल्या चर्चा होत्या, नंतरचे महाराष्ट्राचे होते. मी वरचा उचलला. जकात रद्द करावी. दुसरा उचलला. जकात रद्द करावी. तिसरा. जकात हा मागासलेला कर आहे, वाहतुकीला अडथळा आहे, सत्वर रद्द करावी. एकानं म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी, इथं तर सगळे शहाणे एका तोंडानं बोलत होते. मला वाटलं, यांनी राजीनामा सोमवारी कशाला, आजच द्यावा.

मग मास्तरणीची सवय उपयोगी पडली. उत्तरपत्रिका हजेरी क्रमांकानं लावाव्यात तसे मी ते सगळे अहवाल साल बघून क्रमानं लावले आणि शिफारसी सोडून प्रस्तावना वाचायला घेतल्या. दुसऱ्या अहवालाच्या प्रस्तावनेत पहिल्या समितीचा उल्लेख होता. त्या समितीनं जकात रद्द करायला सांगितलं होतं, परंतु नगरपालिकांना उत्पन्नाचा दुसरा मार्ग नसल्यामुळे, पर्याय सापडेपर्यंत ती चालू ठेवण्यात आली. तिसऱ्यात पहिल्या दोन्ही समित्यांचा उल्लेख होता. परंतु, पर्याय सापडेपर्यंत. चौथ्यात तिन्हींचा. प्रत्येक समितीनं आधीच्या समित्यांच्या नावानं उसासा टाकला होता, आपण मात्र अगदी ठामपणे सांगतो आहोत असं बजावलं होतं, आणि पुढच्या समितीच्या प्रस्तावनेत जाऊन बसली होती. इंग्रज आले, गेले, राजधानी गेली, राज्य बदललं, आणि अमरावती रस्त्यावर ट्रक थांबतच राहिले.

माझा जीव भांड्यात पडला. इतका की मी पदर तोंडावर धरून हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

पण घरी आल्यावर यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिली तू."

"मग या माझ्याबरोबर. उघडा ताडपत्री आणि बघा."

हे मी रागानं बोलून गेले, पण यांना ते पटलं. शनिवारी यांची साप्ताहिक सुट्टी होती. तरी हे खाकी सदरा घालून निघाले. तपासणीला जायचं तर युनिफॉर्म हवा, असं काहीसं असावं. राजीनामा खिशात होताच. हॉलच्या दारात यांनी चपला काढल्या. मी म्हटलं, "अहो, घाला, देऊळ नाही हे." तर हे कुजबुजले, "देवळाइतकंच तं शांत हाये."

तोच गठ्ठा पुन्हा आला. यांनी प्रत्येक अहवाल हातात घेऊन उलटा सुलटा केला, पुठ्ठ्यावर बोट वाजवलं, साल तपासलं, छापखान्याचं नाव माझ्याकडून वाचून घेतलं. पोत्यात सळई खुपसून दाणा काढावा तसं मधूनच कुठलंही पान उघडायचे आणि म्हणायचे, "इथं काय म्हणते?" मी मराठीत सांगायचे. दोन अहवाल झाले, तीन झाले. 'पर्याय सापडेपर्यंत' आलं की यांची भुवई थोडी वर जायची.

"म्हणजे पर्याय कवा सापडन?"

"आजपर्यंत तरी नाही सापडला."

"हं." यांनी हात झटकले. "पण हा सगळा जुना माल हाये. या वक्ताचं काय? आता काय ठरवून राहिले ते पाह्यजे."

माझं घोडं तिथंच अडलेलं होतं. नव्या अधिवेशनाचं कामकाज छापून ग्रंथालयात यायला पुष्कळ काळ जायचा. हे उठले आणि पाय मोकळे करायला कोपऱ्यातल्या वर्तमानपत्रांच्या स्टँडकडे गेले. त्या दिवशीचं वर्तमानपत्र तिथं काठीला लावलेलं होतं. मी लांबून बघत होते. हे वाचता वाचता एकदम वाकले, दोन्ही हातांनी स्टँड धरला, आणि यांचे खांदे हलू लागले. संपलं, मला वाटलं. छापून आलं. मी धावत गेले.

हे रडत नव्हते, हसत होते. पहिल्या पानावर बातमी होती की जकातीच्या प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार करण्यासाठी सरकार समिती नेमणार आहे.

"समिती नेमली वं!" हे इतक्या मोठ्यानं म्हणाले की अख्ख्या हॉलनं माना वर केल्या. "समिती! वाचलो!"

शिपाई तरातरा आला. "साहेब, शांतता पाळा."

"माफ करा भाऊ," हे डोळे पुसत म्हणाले, "घरी आनंदाची बातमी हाये."

शिपायानं माझ्याकडे पाहिलं, एकदम मवाळ झाला आणि म्हणाला, "असं का, अभिनंदन. बाई, आता जडजड पुस्तकं उचलत नका जाऊ." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पुढं कित्येक महिने तो माझा गठ्ठा थेट टेबलावर आणून ठेवायचा आणि चौकशी करायचा, आणि मी काय सांगणार, कप्पाळ!

टेबलाशी परत आल्यावर यांनी आपले हात पाहिले. धुळीनं काळे झाले होते. सदऱ्याच्या खिशातून राजीनामा काढला, घडी उलगडली, त्यानं बोटं एक एक करून सावकाश पुसली, आणि तो चुरगाळून दाराजवळच्या टोपलीत टाकला. माझ्या छातीवरून कोणीतरी धान्याचं पोतं उचलून नेलं असं वाटलं. दोनच दिवसांपूर्वी तीच बातमी वाचून या माणसानं सायकल थेट वाडीकडे हाणली असती.

सोमवारी हे गोदामवाल्याला नम्रपणे नाही म्हणून आले. नाक्यावर जाऊन यांनी सगळ्यांना समित्यांचा इतिहास सांगितला. असा सांगितला असणार की माझे एम.ए.चे प्राध्यापकही वह्या काढून बसले असते. 'पर्याय सापडेपर्यंत' हा तिथला परवलीचा शब्द झाला. कोणी रजा मागितली की वरिष्ठ म्हणायचे, पर्याय सापडेपर्यंत नाही. आमच्या घरीही मी नवी साडी म्हटलं की हेच उत्तर यायचं.

एप्रिलात परीक्षा झाली. ऊन असं की सकाळीच डांबर मऊ व्हायचं. हे मला सायकलवर परीक्षेला सोडत आणि न्यायला येत. स्थानिक स्वराज्य संस्थांचा पेपर हातात आला आणि त्यात प्रश्न होता, जकात रद्द करावी काय, सकारण चर्चा करा. मी लेखणी उचलली आणि थांबले. जिच्यावर माझ्या घरची चूल पेटत होती ती जकात. पण उन्हात उभी असलेली ट्रकांची रांग मी डोळ्यांनी पाहिली होती, चाकांमध्ये सावली शोधून झोपलेले ड्रायव्हर पाहिले होते, खोक्यांतून गळणारा संत्र्यांचा रस पाहिला होता. ते सगळे अहवाल वाचून खोटं लिहायला मन धजेना. मी लिहिलं, जकात रद्दच करावी. भरपूर पानं भरून लिहिलं.

बाहेर आले तर हे कडुनिंबाच्या सावलीत सायकल धरून उभे. डोक्याला ओला दुपट्टा.

"जकात आली होती म्हणते लोक. काय लिवलं मंग?"

मी यांच्याकडे न बघता सांगितलं, "जावी असं लिहिलं."

तापलेल्या कॅरिअरचा मला चटका बसू नये म्हणून त्यावर घातलेलं पोतं यांनी हातानं नीट केलं.

"कारणं दिली का?"

"दिली. एकूण एक."

"बेस केलं. आजवर सगळ्याइनंच तेच लिवलं, म्हणून तं आपला नाका चालू हाये. अन् तू पास हो. घरात एक तरी माणूस पाह्यजे, कागदाच्या खालचं वाचणारं. बस मागं."

मी मागं बसले. त्या उन्हात सायकल घराकडे निघाली, आणि पुढच्या सालासाठी माझं काहीही बाकी राहिलेलं नव्हतं.